पंप चालू आहे हे कशावरून?
(प्रस्तावना)

हरमलच्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे यंत्रांची मोठी रांग उभी असते. दोडामार्ग तालुक्यातलं तिळारी धरण, तिथून गोव्यात उतरणारा कालवा, चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प, तिथले पंप, वाटेवरच्या टाक्या आणि व्हॉल्व्ह. शेवटी घरामागचा संप, त्यावरचा एक हॉर्सपॉवरचा पंप आणि स्लॅबवरची काळी टाकी. तिळारीच्या कालव्याला भगदाड पडलं की पेडणे तालुक्यातले नळ कोरडे पडतात, हे इथल्या माणसाला वर्तमानपत्र न उघडताही कळतं. पण असे दिवस थोडे. एरवी या रांगेतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडलेला असतो: पंप चालू आहे का? चांदेलचा शिफ्टवरचा ऑपरेटर तो विचारतो, टाकीवरचा व्हॉल्व्हमन विचारतो, आणि हरमलच्या वाड्यावरची बाई स्वयंपाकघरातून हाक मारून तेच विचारते.

या प्रश्नाचं उत्तर फोनच्या पडद्यावर कसं द्यावं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. कारखान्यातली, पाणीयोजनेतली, खाणीवरची यंत्रं ऑपरेटरने मोबाइलवरून पाहायची आणि गरज पडली तर चालवायची, तर तो पडदा कसा बांधायचा? विषय दिसायला लहान. प्रोग्रॅमिंग येणारा कोणताही मुलगा चार दिवसांत एक हिरवं बटण, एक लाल बटण आणि गोल फिरणारा काटा दाखवणारं ॲप उभं करतो. ते चालतंही. पहिला जोराचा पाऊस येईपर्यंत.

हे काम शहरातल्या मोठ्या कंपन्यांचं, आपला काय संबंध, असं वाटण्याचे दिवस पेडणे-डिचोलीत केव्हाच सरले. तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहती आहेत, आमोण्याला कच्च्या लोखंडाचा कारखाना आहे, आणि मोप्याच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. तिथलं वातानुकूलन, पंप, सामानाचे पट्टे, सगळं कुठल्या ना कुठल्या कंट्रोलरवर चालतं. डिचोलीतल्या खाणींचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये राज्यातल्या खाणी थांबल्या, पण पाऊस थांबला नाही. खड्डा भरायचा तसा भरतच राहतो, आणि पाणी उपसायचं असेल तर पंप चालवावे लागतात. माणसं कमी, जागा लांब, रात्र आणि पाऊस. फोनवरून पंप पाहण्याची गरज नेमकी अशा ठिकाणी जन्माला येते. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला ती सोय वाटत असेल, खड्ड्याच्या काठावरच्या राखणदाराची मात्र ती गरज असते.

थोडा इतिहास सांगतो, लांबवत नाही. पूर्वी यंत्राचं नियंत्रण रिलेंच्या कपाटात असायचं. १९६८ साली अमेरिकेत डिक मोर्ली यांनी रिलेंच्या जागी प्रोग्रॅम करता येईल असा कंट्रोलर बसवण्याची कल्पना मांडली. त्यातून मोडिकॉन ०८४ तयार झाला आणि त्याच वंशातला पीएलसी आज आपल्या प्रत्येक पॅनलमध्ये बसलेला आहे. ऑपरेटर मात्र बराच काळ दिवे, बटणं आणि काट्यांचे मीटर यांच्याच समोर उभा होता. पुढे पॅनलच्या दारावर छोटा पडदा आला, त्याला आपण एचएमआय म्हणतो. अनेक ठिकाणची माहिती एका खोलीत गोळा करणारी स्काडा आली. मग कुणीतरी त्या स्काडाचंच चित्र आकसून फोनवर बसवलं, आणि गोंधळाला सुरुवात झाली.

गोंधळ का, हे समजायला आपल्याच खाजनातल्या मानशीकडे पाहावं. शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या काठी खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले आहेत, आणि बांधात मानस बसवलेली आहे. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच तिची लाकडी झडप बंद होते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. वीज नाही, कंट्रोलर नाही. गेली कित्येक शतकं गोव्यात हे स्वयंचलन चालू आहे, आणि त्याला कधी पडदा लागला नाही. कारण ज्याला झडपेची काळजी तो बांधावर उभा राहून ती पाहू शकत होता. झडपेत ओंडका अडकला तर तो दिसायचा, पाण्याचा आवाज बदललेला ऐकू यायचा. माणूस यंत्रापासून दूर गेला की पडद्याची गरज सुरू होते. जितका तो दूर, तितकी पडद्याची जबाबदारी मोठी. पॅनलसमोर उभ्या ऑपरेटरला पडद्याने चुकीचं सांगितलं तरी मोटरची घरघर खरं सांगते. घरी जेवायला बसलेल्या ऑपरेटरला कान नसतात, नाक नसतं, हाताला लागणारी थरथर नसते. त्याच्याकडे फक्त आपण बांधलेला पडदा असतो.

मराठी मुलखात हे ज्यांनी लवकर ओळखलं त्यांत पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं नाव घ्यायला हवं. त्यांचं ‘नॅनो गणेश’ हे उपकरण शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला जोडलं जातं. शेतकऱ्याने साध्या फोनवरून त्याला फोन लावायचा, आकडे दाबायचे, पंप सुरू किंवा बंद. महाराष्ट्रात शेतीची वीज रात्री-अपरात्री येते आणि ती आली की नाही हे पाहायला अंधारातून विहिरीवर जावं लागतं. साप, चिखल, ओढ्याचं पाणी. हे टाळण्यासाठी ते उपकरण होतं. २००९ साली नोकियाने भरवलेल्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं, पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. तिथे पडदा नव्हताच. विजेची आणि पंपाची स्थिती शेतकऱ्याला फोनमध्ये ऐकू येणाऱ्या आवाजाच्या सुरावरून कळायची. म्हणजे आज्ञा देऊन फोन ठेवायचा आणि देवावर हवाला ठेवायचा, असा मामला नव्हता. पलीकडून उत्तर येत होतं. आजची कित्येक चकचकीत ॲप्स या कसोटीला उतरत नाहीत.

उत्तर न येणाऱ्या पडद्याची किंमत जगाने २८ मार्च १९७९ रोजी पाहिली. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि बंद व्हायच्या वेळी अडकून उघडाच राहिला. नियंत्रण कक्षातला त्याचा दिवा मात्र विझला. ऑपरेटरांनी समजूत करून घेतली की व्हॉल्व्ह बंद झाला. तो दिवा व्हॉल्व्हच्या स्थितीला जोडलेलाच नव्हता. तो जोडला होता व्हॉल्व्हला दिलेल्या आज्ञेला. ‘बंद हो’ असं सांगितलं गेलं, एवढंच त्या दिव्याला माहीत होतं. दोन तासांहून अधिक वेळ थंड ठेवणारं पाणी त्या व्हॉल्व्हमधून निघून जात होतं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. अपघाताला इतरही कारणं होती, पण त्या दिव्याइतकी शिकवण दुसऱ्या कशात नाही.

आता आपल्या साध्या पंपाकडे या. ॲपवरचं बटण दाबलं, ते हिरवं झालं, ‘पंप चालू’ अशी अक्षरं उमटली. कशावरून? बहुतेक ॲप्समध्ये उत्तर असतं: बटण दाबलं यावरून. थोडं बरं ॲप असेल तर कॉन्टॅक्टर ओढला गेला याचा संकेत त्याच्या सहायक संपर्कावरून येतो. पण कॉन्टॅक्टर ओढला आणि एक फेज नाही, तर मोटर फिरणार नाही, गुणगुणत तापेल. म्हणून करंट पाहायचा. करंट आहे, पण नेहमीपेक्षा बराच कमी, तर? बहुधा फूट व्हॉल्व्ह गळून पंपातलं पाणी उतरलेलं आहे आणि पंप कोरडा फिरतो आहे. थोड्या वेळात सील जळेल. म्हणून पाइपातला दाब किंवा प्रवाह पाहायचा. आज्ञा, कॉन्टॅक्टर, करंट, पाणी: एका ‘चालू’ या शब्दामागे चार साक्षीदार असतात, आणि ते चौघे नेहमी एकमताने बोलत नाहीत. चौघांचीही उपकरणं बसवायला प्रत्येक ठिकाणी पैसे नसतात, हे मला मान्य आहे. मग निदान जेवढी साक्ष आहे तेवढंच लिहावं. ‘पंप चालू’ ऐवजी ‘आज्ञा पोचली’ असं लिहायला एक पैसाही जास्त पडत नाही. या पुस्तकातली दोन प्रकरणं मी एवढ्या एका मुद्द्यावर खर्च केली आहेत, आणि ती लांबली अशी तक्रार कुणी केली तर मी ऐकून घेईन, पण कापणार नाही.

दुसरा मोठा मुद्दा शिळ्या आकड्यांचा. हरमलच्या डोंगराच्या कुशीत एका वळणावर फोनला पूर्ण रेंज असते आणि पुढच्या वळणावर काहीच नसतं. जूनमध्ये वीज गेली की काही वेळाने टॉवरही मान टाकतो. अशा वेळी पडद्यावर ‘टाकी ७२ टक्के’ असं दिसत असेल तर ते आत्ताचं आहे की पाऊण तासापूर्वीचं? आकडा स्वतःहून सांगत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं वय हवं, आणि ठरावीक वयापुढे तो आकडा फिका पडला पाहिजे किंवा सरळ पुसला गेला पाहिजे. खोटा आकडा दाखवण्यापेक्षा रिकामी चौकट बरी. ती पाहून माणूस निदान फोन तरी लावतो.

अशा तुटक जोडणीसाठीच एमक्यूटीटी नावाची पद्धत १९९९ साली जन्मली. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तयार केली. तिच्यात मृत्युपत्राची सोय आहे: पंपघरातलं उपकरण जोडणी करतानाच सांगून ठेवतं की मी अचानक गप्प झालो तर माझ्या वतीने हा निरोप सगळ्यांना द्या. उत्तम सोय, आणि बरेच लोक ती वापरतच नाहीत. याच पद्धतीत एक सापळाही आहे. शेवटचा निरोप जपून ठेवायची खूण केली की नव्याने जोडणाऱ्याला तो आपोआप मिळतो. टाकीच्या पातळीसाठी हे छान. पण कुणी ‘पंप सुरू कर’ ही आज्ञा अशी जपून ठेवली, तर वीज जाऊन परत आल्यावर पंपघरातलं उपकरण जागं होतं, सकाळची आज्ञा वाचतं आणि रात्री दोन वाजता पंप सुरू करतं. आज्ञेला मुदत हवी. दहा सेकंदांत पोचली नाही तर ती मेली, आणि मेली हे बटण दाबणाऱ्याला कळलं पाहिजे.

रंगांबद्दल नव्या मुलांशी माझे नेहमी वाद होतात. त्यांना हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद, हे इतकं उघड वाटतं की ते विचारतही नाहीत. पण आपल्याकडच्या स्विचगिअर पॅनलसमोर आयुष्य घालवलेल्या वायरमनला विचारा. त्याच्या लेखी लाल दिवा म्हणजे ब्रेकर आत, वीज वाहते आहे, हात लावू नकोस. हिरवा म्हणजे ब्रेकर बाहेर. पॅनलवर एक भाषा आणि फोनवर नेमकी उलटी, असं असेल तर घाईच्या क्षणी माणूस कुठल्या भाषेत विचार करील? शिवाय पुरुषांत लाल-हिरव्याची गल्लत होणारे थोडेथोडके नसतात. म्हणून रंगाबरोबर शब्द हवा, आकार हवा. आणि सगळं ठीक असताना पडदा करडा, शांत असावा, म्हणजे बिघाडाचा रंग नजरेत भरतो. २०१५ साली आलेलं आयएसए १०१ हे मानक अशाच विचाराचं आहे. ग्राहकाला मात्र प्रात्यक्षिकाच्या दिवशी रंगीबेरंगी, पाणी वाहताना दिसणारा पडदा आवडतो. काय करणार! मी एक रंगीत पडदा पाहुण्यांसाठी ठेवतो आणि करडा ऑपरेटरला देतो.

भाषेचंही तसंच. ऑपरेटर घरी कोकणी बोलतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, आणि पंपाला ‘पी-२०३’ कधीच म्हणत नाही. ‘तळ्याकडचा पंप’ म्हणतो. पडद्यावर दोन्ही नावं असावीत, आणि तळ्याकडचा पंप मोठ्या अक्षरांत. बटणं अंगठ्याला सापडतील एवढी मोठी हवीत. ओल्या बोटांना काचेचा पडदा नीट ओळखत नाही आणि पावसाचा थेंब कधी कधी बोट समजला जातो, त्यामुळे पंप सुरू करायला नुसता स्पर्श पुरेसा नसावा. दाबून धरायला किंवा सरकवायला लावावं. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर काळ्या पार्श्वभूमीचा पडदा आरशासारखा चमकतो, हेही लक्षात असू द्या.

इशाऱ्यांच्या प्रकरणात मी २४ जुलै १९९४ च्या मिलफर्ड हेवनच्या स्फोटाची हकिकत दिली आहे. वेल्समधल्या त्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ इशारे आले होते. कुणीही सगळे वाचू शकत नाही. त्यानंतर इशाऱ्यांची शिस्त लावणारी मार्गदर्शक तत्त्वं निघाली. नेहमीच्या कामात एका ऑपरेटरला १० मिनिटांत सरासरी एकाहून जास्त इशारा येऊ नये, असं ती सांगतात. फोनवर हे आणखी कडक पाळलं पाहिजे, कारण तिथे आपला इशारा सुप्रभातच्या फुलांमध्ये आणि लग्नाच्या निमंत्रणांमध्ये येऊन पडतो. ज्या इशाऱ्यावर ऑपरेटरने काहीच करायचं नाही, तो इशारा नव्हे. ती नोंद आहे, ती वहीत जाऊ दे. आणि इशारा कुणी पाहिला हे इतरांना दिसलं पाहिजे. नाहीतर पाचही जण समजतात की दुसऱ्याने पाहिला असेल.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात पण ठासून सांगतो. यंत्रं एकमेकांशी बोलतात ती मॉडबस ही भाषा १९७९ सालची आहे; तिच्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. तरीही राउटरमध्ये एक दार उघडून पीएलसी थेट इंटरनेटवर ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ॲलिक्विपा गावच्या पाणीयोजनेचा कंट्रोलर परदेशी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला, आणि त्या मालिकेतली उपकरणं कारखान्यातून येतानाच ‘११११’ हा पासवर्ड घेऊन येत होती. लहान गावाकडे कोण बघतो, या समजुतीचा निकाल तिथे लागला. फोनने पीएलसीशी थेट बोलूच नये. मध्ये एक राखणदार संगणक असावा, त्याने माणूस ओळखावा, आज्ञा तपासावी, नोंद ठेवावी.

याहून महत्त्वाचा राखणदार मात्र लोखंडी पॅनलवरच असतो: लोकल आणि रिमोट निवडणारा साधा फिरता स्विच. वायरमन पंपाच्या कपलिंगमध्ये हात घालून बसला आहे आणि पणजीहून कुणी साहेब फोनवरून पंप सुरू करतो, ही कल्पना अतिशयोक्त नाही. स्विच लोकलवर असेल तर फोनवरची कोणतीही आज्ञा पंपापर्यंत पोचताच कामा नये, आणि हा नियम प्रोग्रॅममध्ये न राहता तारेत असावा. कुलूप आणि पाटीची जागा ॲप घेऊ शकत नाही. तसंच कोरडा पंप बंद करणं, टाकी भरली की थांबणं, ही कामं पंपाजवळच्या पीएलसीची. फोन हरवला, बॅटरी संपली, रेंज गेली, तरी ती झाली पाहिजेत. तातडीचं थांबवण्याचं लाल बटण मी फोनवर कधीच देत नाही. जे बटण दहांतल्या नऊ वेळाच काम करील त्यावर माणूस जीव टाकतो, हे बटण नसण्याहून वाईट.

एक गोष्ट तांत्रिक नाही, तरी लिहितो. फोनवर पंप आला की मालकाला वाटतं, आता तीन ठिकाणी तीन माणसं कशाला, एकच पुरे. आणि त्या एकाची शिफ्ट कधी संपतच नाही. रात्री फोन वाजतो, तो उठतो, पाहतो, झोपतो, पुन्हा वाजतो. पडदा बांधणाऱ्याने यात हात झटकू नयेत. कोण कधी कामावर आहे हे प्रणालीला माहीत असलं पाहिजे, आणि शिफ्ट संपलेल्याचा फोन गप्प राहिला पाहिजे. मालकाला पाहायची मुभा द्यावी, चालवायची नाही. दोन हातांत एकाच वेळी एकच पंप देणं ही सगळ्यात मोठी चूक.

मयेच्या सरकारी पॉलिटेक्निकमधले, पेडण्याच्या आयटीआयमधले आणि वसाहतींतल्या पॅनलसमोर उभे असलेले इलेक्ट्रिशियन डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहिलं आहे. प्रोग्रॅमिंगचं ज्ञान थोडं असलं तरी पुढची प्रकरणं समजतील. पंपाची ओळख मात्र हवी. ती नसेल तर पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक करा. जवळच्या पंपघरात जा, तिथल्या ऑपरेटरची परवानगी घ्या आणि एक पूर्ण शिफ्ट त्याच्याबरोबर बसा. काय पाहून तो उठतो, काय ऐकून तो धावतो, आणि कुठल्या दिव्यावर त्याचा विश्वास नाही, हे वहीत लिहून आणा. ती वही शेजारी ठेवून हे पुस्तक वाचा, आणि जिथे तिचं आणि माझं जुळत नाही तिथे तिचं ऐका.